उताणे मिस्त्री आणि आईचं सानं

उताणे मिस्त्री कुणाच्याही घरी कामाला आले, की आधी जमिनीवर उताणे पडायचे. चपला दाराबाहेर, खांद्यावरचा दुपट्टा घडी करून डोक्याखाली आणि नजर छताला. दहा-पंधरा मिनिटं हूं नाही की चूं नाही. नवख्या माणसाला वाटे, गृहस्थाला चक्कर आली. एका घरच्या सुनेनं तर धावत जाऊन कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला होता. त्यांचं खरं नाव रहीम, पण ते आमच्या दारव्हा गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. एकानं लग्नपत्रिकेवर चक्क 'श्री. उताणे, सपरिवार' असं लिहून पाठवलं. ती पत्रिका त्यांनी दुकानात खिळ्याला टांगून ठेवली होती. आपल्याले बसल्या जागी मराठी आडनाव भेटलं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे.

बस स्टँडच्या मागे त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे अशी कामं चारचौघांसारखी तेही करायचे. पण जीव होता तो झरोक्यांवर. छतात बसणारी, उघडता-मिटता येणारी खिडकी करावी ती मिस्त्रींनीच. मात्र माप घ्यायला ते सकाळी येत नसत आणि संध्याकाळीही येत नसत. भर दुपारी दोन ते साडेतीन, ही त्यांची वेळ. रविवारी सकाळी निवांत या म्हणणाऱ्याला ते सरळ नकार देत. घराची तब्येत दुपारीच कळते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला त्यांची गरज पडली ती आईमुळे. खुब्याचं हाड मोडलं आणि आई खाटेला खिळली. आमचं घर दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींत अडकलेलं. पुढची नि मागची खोली स्लॅबची, मधली तेवढी टिनाची, खाली प्लायवूड ठोकलेली. न्हाणीघर जवळ म्हणून आईची खाट त्याच मधल्या खोलीत. पहिल्या उन्हाळ्यात तिला दोनदा भोवळ आली. कूलर लावला तर खोली दमट होऊन तिचा दमा उसळायचा, आणि दुपारची लाइट जायची ती वेगळीच. आणखी एक उन्हाळा या खोलीत काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. पुण्याचा भाऊ म्हणाला, अक्षय तृतीयेपर्यंत खोलीचं काही झालं नाही तर गाडी घेऊन येतो आणि आईला इकडे आणतो. आईनं ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "मी जाईन त इथूनच जाईन," एवढंच ती म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा छतातली खिडकी कशी असते हे मला कुणी शिकवण्याची गरज नाही, असा माझा समज होता. नागपूरला एका मैत्रिणीच्या घरी मी ती पाहिली होती. लख्ख काचेची, चार बाय चारची, कुठेही न उघडणारी. खोली नुसती उजळून निघाली होती. मी फोटो काढून आणला आणि होळी झाल्यावर एका रविवारी दुपारी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला, फार सुंदर आहे म्हणाले आणि मोबाइल मला परत दिला. मग आईच्या खाटेशी जाऊन, "माय, जरासा पडू का इथं?" असं विचारलं. आईनं मान हलवली. मिस्त्री खाटेशेजारी फरशीवर उताणे झाले.

मी घड्याळ बघत उभी. मला पेपर तपासायचे होते. बऱ्याच वेळानं मिस्त्रींनी छतावरची नजर न काढता विचारलं, "बाई, तुमी या खोलीत दुपारी कदी निजल्या का?"

मला राग आला. दुपारी मी शाळेत असते, रविवारी पुढच्या खोलीत पेपर तपासत असते, हे मी त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितलं. ते उठून बसले आणि त्यांनी फरशीवरची जागा हातानं पुसली. मी आडवी झाले, ती केवळ वाद मिटावा म्हणून. पाच मिनिटांत माझ्या कपाळावर जणू कुणी गरम तवा धरला. वरची हवा हलतच नव्हती. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, हे मी किती वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवत आले होते. वर गेल्यावर तिला वाट नसेल तर ती कुणाच्या डोक्यावर बसते, ते मला आईच्या खाटेखालच्या फरशीवर कळलं. लाज वाटली. आई सगळं बघत होती.

चहा पिताना मिस्त्रींनी मला झरोका कसा निवडायचा ते सांगितलं. आपल्याकडे नुसती काच लावली तर ऊन तेवढं आत येतं, हवा काही बाहेर जात नाही. उघडणारं झाकण हवं, आणि तेही पांढऱ्या रंगाच्या पत्र्याचं. मिजागरी दक्षिणेकडून आणि तोंड उत्तरेला, म्हणजे उघडं असलं तरी झाकणाचीच सावली पडते. चौकट पत्र्यापासून वीतभर वर उचललेली, नाहीतर पावसाचं पाणी थेट खाटेवर. खाली मच्छरदाणीची जाळी. "पण वरतून हवा जाईन, खालून येईन कोठून?" असं म्हणत त्यांनी मागच्या दाराला बोटानं टकटक केलं. त्या दाराच्या खालच्या फळीच्या जागी त्यांना जाळी बसवायची होती, कारण परसात कडुनिंबाची सावली होती.

मी तरी माझा हेका सोडला नव्हता. काचेनं उजेड तरी छान येतो, असं मी म्हणाले. तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"घरवाली मशीनवर बिलाऊज शिवते. तिले उजेड भेटावा म्हणून म्याच काच बसवली, टिनात. सारे म्हणत, क्या उजाला है. ती कदी काही बोललीच नाई. मंग मले ताप आला, दोन दिवस तिथंच निजलो, तवा समजलं. चार उन्हाये म्या तिले भाजून काढलं, बाई."

त्यानंतर काचेचा विषय मी पुन्हा काढला नाही. चार उन्हाळ्यांचं ओझं वागवत हा माणूस घरोघरी जमिनीवर पडत होता, आणि आम्ही गावानं त्याचं आडनाव करून टाकलं होतं.

उघडझापीसाठी मी आता रिमोटचा आग्रह धरला. तेवढ्यात आईनं विचारलं, काय चाललंय तुमचं? मिस्त्री म्हणाले, माय, झरोका कराचा हाये. आईनं मान वळवली. "झरोका नोको म्हणू. सानं म्हण." तिचं माहेर कळंबकडचं. तिथल्या धाब्याच्या घराला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, उजेडासाठी आणि चुलीचा धूर जाण्यासाठी जे भोक ठेवत त्याला सानं म्हणत. पावसाचा थेंब पडला की शिडी चढून त्यावर परात झाकायचं काम आईचं होतं. तिला एवढं बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. "भावायले नाई जमे. शिडीकडे मीच पयाचो," ती म्हणाली.

मिस्त्री ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रिमोट नोको बाई. दोरी लावतो. सानं मायच्या हाती राहीन."

पुढचे आठ दिवस ते एकटेच टिनावर चढून काम करत होते. दोरी त्यांनी दोन कप्प्यांवरून अशी आणली, की तिचं टोक आईच्या उजव्या हाताशी यावं आणि एका बोटाच्या ओढीनं झाकण उचललं जावं. खाटेच्या कडीत अडकवायला दोरीला दोन गाठी मारल्या. पहिली गाठ दुपारसाठी, म्हणजे झाकण चार बोटं उघडं. दुसरी संध्याकाळसाठी, म्हणजे पूर्ण उघडं. पहिल्या दिवशी आईनं दोरी ओढली, प्लायवूडखाली कोंडलेली धग वर निघाली आणि दाराच्या जाळीतून कडुनिंबाखालची हवा तिच्या पायांशी आली. आईनं पाय हलवून पाहिले. अक्षय तृतीयेला भाऊ आला, दुपारभर त्या खोलीत बसला आणि तिसऱ्या दिवशी एकटाच परत गेला.

आईनं त्या खोलीत तीन उन्हाळे काढले, आता चौथा चालू आहे. दोरीला ती कुणाला हात लावू देत नाही. ढग आले, वारा पडला, समोरच्यांनी कचरा पेटवला, की लगेच सानं वर-खाली. मिस्त्री अधूनमधून यायचे, मिजागरीला तेल द्यायचे आणि पाच मिनिटं फरशीवर आडवे व्हायचे. आता काही दोष आहे का, असं मी विचारलं की म्हणायचे, "नाई. इथं आता बरं वाटते म्हणून पडतो." गिऱ्हाइकांशी बोलतानाही ते झरोका म्हणेनासे झाले होते. सानं म्हणायचे, आणि हा शब्द एका मायनं दिला असंही सांगायचे.

यंदा मार्चमध्ये मिस्त्री गेले. दोन दिवसांच्या आजाराचं निमित्त झालं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या घरवाली, आमच्या चाची, शिलाई मशीनच्या खोलीत बसल्या होत्या. वर काचेच्या जागी पांढरं झाकण होतं आणि त्याची दोरी मशीनच्या हातचाकाजवळ आली होती. दोरीला दोन गाठी होत्या.  मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

घरी आले तेव्हा अडीच वाजले होते. आईला सांगितलं. ती बराच वेळ छताकडे पाहत होती. मी चपला काढल्या, ओढणी घडी करून डोक्याखाली घेतली आणि मिस्त्री पडायचे त्याच जागी उताणी झाले. डोळे भरून आले होते आणि वर काही नीट दिसत नव्हतं.

खाटेवरून आईचा हात दोरीकडे गेला. "निज जराशी," ती म्हणाली. "मी उघडतो सानं."