अप्पांच्या साडूचा रेडिओ

चुकीचा जोडलेला रेडिओ नीट करता येतो, जोडणाऱ्याचा तोरा काही उतरवता येत नाही. असले किस्से साठतात ते त्यामुळेच. माझी सून वसुधा नारायण पेठेत घरीच ट्रान्झिस्टर रेडिओचे किट तयार करायची. पिशवीत सुटे भाग आणि नकाशा. जोडायचं ज्याचं त्याने. चुकलं की आमच्या दारात, वर आवाज चढवून.

एका मास्तरांचे कपॅसिटर फुगले. उलटे बसवलेले. कपॅसिटरवर एका बाजूला पट्टी असते, ती नकाशात असेल त्याच बाजूला यायला हवी. यांनी सगळ्या पट्ट्या एकाच दिशेला केलेल्या.

"असं का केलंत?" वसुधाने विचारलं.

"एका रांगेत बरं दिसतं."

रेडिओ ऐकायचा असतो की ओवाळायचा?

बँकेतल्या एका साहेबांनी चुकलेला भाग कथिलाचा डाग न वितळवताच पकडीने उपटला. सोबत खालची तांब्याची पट्टीही आली. वर म्हणे, "तुमचा माल कच्चा."

मी म्हटलं, "अहो, दाताबरोबर जबडा हातात आला तर जबडा कच्चा म्हणाल का?"

वसुधाने मला पोळ्या लाटायला आत पाठवलं.

आणखी एक महाशय. वसुधाने विचारलं, "नकाशा पाहिलात का?"

"अडलं तर बघणार होतो."

"मग अडलं नाही?"

"छे. सगळं जोडून झालं. फक्त वाजत नाही."

आमचे किट विकणारं दुकान एकच, सदाशिव पेठेतल्या अप्पांचं. मुलगा माझा अंथरुणाला खिळलेला. घर त्या दुकानावरच चालायचं. एके दिवशी अप्पांनी स्वतः येऊन एक मुका रेडिओ आपटला.

"माझ्या साडूने जोडलाय. इंजिनियर आहे, तो चुकणं शक्य नाही. किटच खराब. उद्यापासून तुमचा माल बंद."

वसुधाने तो उघडला. एक ट्रान्झिस्टर पाठमोरा बसवलेला. तिने डाग वितळवून तो सोडवला, फिरवून पुन्हा बसवला. रेडिओ गायला लागला.

सकाळी आम्ही दोघी दुकानात. अप्पांची बायको, आमच्या वहिनी, डबा घेऊन आलेल्या. मी वाजणारा रेडिओ काउंटरवर ठेवला.

"घ्या अप्पा. साडूंना सांगा, ट्रान्झिस्टर उलटा बसवला होता."

"साडू?" वहिनी म्हणाल्या. "मला बहीणच नाही."

अप्पांनी रेडिओचा आवाज मोठा केला आणि वसुधाला विचारलं, "पुढचे किट कधी आणताय?"