उसवता न येणारा रस्ता

काजमावशींना जवळचं दिसेनासं झालं, पण लांबचं मात्र लख्ख दिसत होतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी शर्टांना काजं केली, म्हणून हे नाव. खरं नाव कुणी विचारतही नसे. आता सुई ओवायची तर दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागे. घरी बसायची वेळ आली होती. पण पन्नाशीला हौसेने गाडी शिकलेली ही बाई सरळ मालकीणबाईंपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "सुई राहू दे, मला माल पोचवायची व्हॅन द्या."

दुसरं कुणी गाडी चालवत असलं की मालकीणबाई कधी डोळा मिटत नसत. त्या म्हणाल्या, "सोमवारी मी शेजारी बसते. जमलं तर व्हॅन तुझी, नाही तर घर गाठायचं."

सोमवारी गणवेशांचे गठ्ठे भरून दोघी एक्सप्रेसवेवर चढल्या. मावशींनी आरसा पाहिला, सिग्नल दिला, वेग बाकीच्या गाड्यांइतका केला आणि मगच लेनमध्ये शिरल्या. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवलं.

"एवढ्या जागेत कुणी संसार थाटेल," मालकीणबाई म्हणाल्या.

संसार नाही, एक उंच ट्रक घुसला. त्याच्याआड शाळेकडे वळायच्या फाट्याची पाटी गेली आणि पाहता पाहता फाटाही मागे पडला.

"थांब, कडेकडेने मागे घे. शंभर पावलं तर आहेत. अकराला मुख्याध्यापक दारात उभे असतील."

 ऐकलं नाही तर व्हॅन हातची जाणार, हे मावशींना कळत होतं. चुकलं की उसवायचं, ही बावीस वर्षांची सवय. पाय आपसूक ब्रेककडे गेलासुद्धा. मागे घेतला तो फक्त पाय.

"बाई, इथे उसवायला गेलं तर आपलेच टाके उसवतील. पुढच्या फाट्यावरून वळू."

पुढचा फाटा अठरा किलोमीटरवर होता.  पोचायला अर्धा तास उशीर झाला, मुख्याध्यापकांची बोलणीही मालकीणबाईंना ऐकावी लागली.

परतताना मावशींना रडूच येत होतं. तेवढ्यात शेजारून आवाज आला. मालकीणबाई मान टाकून चक्क घोरत होत्या.

आपल्या फाट्याची पाटी मावशींना लांबूनच दिसली. वेळेवर सिग्नल देऊन त्यांनी व्हॅन अलगद वळवली, बाईंची झोप मोडू नये म्हणून.