दिल्लीहून विमानाचे दोन तास

१९८९ साल. माझं वय अठ्ठावन्न. शाळा दुसरीपर्यंत, पण गवंडीकामात माझ्या ओळंब्याला जळगावात कोणी नाव ठेवलं नाही. जानेवारीत बायको दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस धरा, मुलाला बोलवून घ्या. तिचंही तेवढंच मागणं होतं, पोऱ्याचं तोंड दिसावं. पोऱ्या दिल्लीला नोकरीला.

फोन करायच्या आधी मी शाळेत जाऊन भिंतीवरच्या नकाशाला सुतळी लावली. लांबी मोजल्याशिवाय मी कामाला हात घालत नाही. सोबत शेजारचा ट्रक ड्रायव्हर. तो म्हणाला, विमानाला मुंबईपर्यंत दोन तास, तिथून गाडीला आठ. म्हणजे दहा. दिल्लीहून सरळ आगगाडीने वीस तास.

"निम्म्यावर आलं," मी म्हणालो.

"आबा, विमान जळगाव टाकून पुढे मुंबईला जाईल, मग पोऱ्या गाडीने मागे येईल. त्यापेक्षा मेहरूणच्या तलावात उतरवायला सांगा."

"तू तुझा ट्रक हाक."

पोस्टातून ट्रंक कॉल लागला. पोऱ्या म्हणाला, "आबा, संध्याकाळची गाडी धरतो. उद्या दुपारी बाराला जळगावात."

"गाडी नको. विमानाने ये."

"पण आज तिकीट..."

"मी मोजलंय. बापाला शिकवू नको."

आणि मी फोन ठेवून दिला. आमच्या घराण्यात कोणी विमानात बसलं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यात ज्याने विचारलं नाही त्यालाही मी सांगितलं, पोऱ्या आईसाठी विमानाने येतोय.

तिकीट मिळालं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. सकाळी दिल्लीत धुकं. विमान दुपारी तीनपर्यंत जमिनीवरच. सुतळीला धुकं कुठून कळणार?

इकडे पोऱ्या कुठवर आला म्हणून ती आमच्या अहिराणीत सारखी विचारायची, "पोऱ्या कोठे उना?"

मी म्हणायचो, "विमानात बसला."

दुपारी जेवणाची वेळ झाली तेव्हा तिने दाराकडे तोंड फिरवलं, ते परत वळवलं नाही. चारच्या सुमाराला गेली. पोऱ्या त्या वेळी आभाळात होता.

घरी आणल्यावर भाऊबंद म्हणाले, दिवस मावळायच्या आत उरकू. मी अडून बसलो. निदान अग्नी तरी त्याच्या हातचा मिळू दे. उजाडता उजाडता तो दारात आला. आईच्या पायाशी बसला. मला एवढंच म्हणाला, "धुकं होतं, आबा." त्या सकाळी तिला नेलं.

अजूनही चार वाजले की आतल्या खोलीतून आवाज येतो, "पोऱ्या कोठे उना?" सुनेला तो ऐकू येत नाही. मी रोज उत्तर देतो, विमानात बसला. एकदा मुद्दाम गप्प राहिलो, तर दिवे लागेपर्यंत ती विचारत राहिली.

तिला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणाला न सांगता स्टेशनवर गेलो. चौकशीच्या खिडकीत विचारलं, "परवा दिल्लीची गाडी किती वाजता आली?"

बाबूने वही उलटली. "बारा पाच. वेळेवर. कोणी यायचं होतं का?"

मी नाही म्हणालो.