न छापलेल्या ओळीवर मेधाताईंचं बोट

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. पण २०१४ साली, सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या ऑफिसात, सकाळी अकराच्या लख्ख उजेडात जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगतो. हसायचं तर हसा.

आमचं सॉफ्टवेअर रक्ताचे रिपोर्ट पेशंटना पाठवायचं. एका क्लिनिकमध्ये ट्रायल चालू होती, दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे सुरू होणार होतं. फक्त मेधाताईंची सही हवी होती. त्या आमच्या सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, मूळच्या ठाण्याच्या. कोड प्रिंट करून, ओळींवर बोट फिरवत वाचायच्या. मी मनात म्हणायचो — स्वतः लिहायचं नाही, नुसत्या उंटावरून शेळ्या हाका! आणि मी पुण्याचा... त्यामुळे चूक निघायची शक्यताच नव्हती.

माझ्या कोडची पाच पानं त्यांना दिली. पाचव्याच्या तळाशी, कोऱ्या जागेवर त्यांचं बोट थांबलं.

"इथे कोण थांबलंय रे?"

"ताई, तिथे काहीच नाहीये."

"एक बाई आहे. कधीची थांबलीय... बघ जरा."

मी पानं मोजली. प्रिंटरमधला कागद संपून सहावं पान आलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. स्क्रीनवर पाहिलं. त्या पानाची पहिलीच ओळ —

if (surname == null || surname.isEmpty())

null म्हणजे आडनावाची माहिती आलीच नाही. empty म्हणजे आली, पण रकाना कोरा. मी दोन्हींना एकाच मापाने मोजून रिपोर्ट "अपूर्ण" म्हणून बाजूला काढत होतो. आडनाव नसलेला माणूस असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! इथे कितीतरी तमिळ लोकांना ते नसतंच.

असा बाजूला काढलेला एकच रिपोर्ट होता. नाव सेल्वी, आडनाव कोरं. चार दिवसांपूर्वीचा, वर लाल खूण : ताबडतोब डॉक्टरांना भेटा.

मी लगेच क्लिनिकला फोन लावला. नर्स सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आय्यो, आंटी थॉट नो कॉल मीन्स ओके लाह! आय कॉल हर नाऊ."

दुपारी आंटींना हॉस्पिटलात दाखल केलं. मी दोन्ही अटी वेगळ्या केल्या — null असेल तर थांबव, कोरं असेल तर जाऊ दे. मग लॉग, म्हणजे कोणी काय कधी उघडलं याची नोंद, तपासला. सेल्वींच्या रिपोर्टची फाइल तोवर माझ्याशिवाय कोणीही उघडलेली नव्हती.

"ताई, कसं कळलं?"

"मला काय कळतंय रे! बोट पुढे सरकेना, एवढंच. त्या बाई कशा आहेत ते विचार आधी."

असा रिव्ह्यू करणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही, आणि त्या सकाळचं स्पष्टीकरणही मला आजतागायत सापडलेलं नाही. सही मात्र ताईंनी दहा दिवसांनी केली — सेल्वी आंटी घरी पोचल्या, त्या दुपारी.