माडावर अडकलेला राक्षस

१९५७, नारळी पौर्णिमेची आदली संध्याकाळ. पडवीत हजर: आई, बाबा, मी, धाकटी बहीण, शेजारची आजी आणि आळीतली सगळी पोरं. शिडामागे काका आणि दादा.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवत. शीड मात्र घरी यायचं. घडी करून ठेवलं तर कुजतं, म्हणून ते पडवीत टांगत. काकांनी एका पावसाळ्यात त्यामागे कंदील ठेवला आणि सावल्यांचा खेळ सुरू केला. पोफळीच्या गळलेल्या झावळीचं बूड कातड्यासारखं चिवट असतं. ते कापून काका चित्रं करत आणि काटक्यांवर नाचवत. आवाज दादाचा.

गोष्ट एका राक्षसाची होती. तो डोंगर गिळायचा, पण कुर्लीला, एवढ्याशा खेकड्याला, घाबरायचा. शिंकला की त्याचं डोकं उडून खाडीपलीकडे पडायचं, आणि धड ते मागत दारोदार फिरायचं. एकदा डोकं सापडेना म्हणून त्याने भोपळा बसवला. बायकोला फरक कळला नाही. उलट, हल्ली हे माझं ऐकून घेतात, असं ती शेजारणीला सांगत होती. बाबा एरवी हसत नसत. त्या वेळी ते खोकल्याचं निमित्त करून अंगणात गेले.

आता आमच्या घरात टीव्ही आहे. भाचरं कार्टूनची हलती चित्रं बघून हसत लोळतात, आणि माझी बहीण विचारते की त्यात एवढं काय आहे. मला माहीत आहे. राक्षसाचं डोकं उडालं, त्याला माशाने गिळलं, अंगावर डोंगर पडला, तरी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो धडधाकट हजर असे. आम्ही त्यासाठीच जमत होतो.

शेवटाचा एक नियम होता. पौर्णिमेला नारळ वाहिला की शीड होडीवर चढायचं, आणि खेळ बंद. त्या आदल्या संध्याकाळी काका गोष्ट मुद्दाम अर्धी सोडत. उरलेली ऐकायला माणसं आणि शीड दोन्ही परत आली पाहिजेत, असं ते म्हणत. पुढच्या पावसात गोष्ट तिथूनच सुरू व्हायची.

त्या वर्षी राक्षस माडावर चढून बसला होता. आजीला राहवलं नाही.

"मेल्या, माडाएवढा वाढलास नि माडावरून उतरता येत न्हाय?"

शिडामागून दादा म्हणाला, "आजे, खाली कुर्ली हाय. ती गेली का उतरतो."

तिथे काकांनी कंदील विझवला.

दादा बाबांच्या होडीवरच होता. दिवाळीच्या आधी एकदा वारा फिरला. शीड उतरवताना त्याचा तोल गेला. होडी परत आली, शीडही आलं. आळीतल्या होड्यांनी दोन दिवस शोधलं, मग शोधणं थांबलं. मला त्या दिवसांचं एवढंच आठवतं की घरात माणसं येत होती आणि मी पाणी भरत होते.

पुढच्या पावसाळ्यात शीड पडवीत टांगलं, कारण ते कुजलं असतं. पोरं आपसूक येऊन बसली. काकांनी कंदील लावला आणि माड उभा केला. वर राक्षस. चित्र हललं, आवाज आला नाही. काकांनी दादासारखा आवाज काढून बघितला, तो त्यांचाच निघाला.

आजी हळूच म्हणाली, "गेली काय रं कुर्ली?"

आई चुलीपासून उठून ओल्या हाताने बाहेर आली. "भावजी, त्याला वरच ऱ्हाऊ दे."

काका म्हणाले, पोरं खोळंबलीत, आज उतरवतो आणि गोष्ट संपवून टाकतो.

"संपली तर तो कशाला येल?" आई म्हणाली.

बाबा उठले आणि त्यांनी कंदिलाची वात खाली केली. मी पोरांना घरी धाडलं, लहानांना हात धरून चिखल ओलांडून दिला, परत येऊन तांदूळ धुतले. मला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. माझ्यात काही कमी आहे का, असं मी पुष्कळ दिवस तपासून पाहिलं. मग ते सोडून दिलं.

खेळ पुन्हा झाला नाही. काकांनी चित्रं माझ्याकडे दिली, कारण वस्तू जागच्या जागी ठेवणारी घरात मीच. पुढे होडीला इंजिन आलं. शीड फाटून सुकटावर झाकायला गेलं, त्यातला एक धड तुकडा मी काढून ठेवला. दर श्रावणात आई एकदा विचारायची, "वरच हाय ना?" मी चित्रांचा पत्र्याचा डबा उघडून बघायची आणि सांगायची, हाय.

आई गेली. बाबा आणि काका तिच्या आधीच गेले होते. आता विचारणारं कोणी नाही, अडवणारंही नाही. कापड धुऊन ठेवलं आहे. कंदिलात नवी वात घातली आहे. काटक्या किडल्या होत्या, त्या बदलल्या. भाचरं सुट्टीला येऊन दोनदा परत गेली.

राक्षसाला माडावरून उतरवायचं राहिलं आहे.