पाट, ट्रंक आणि खुर्ची

ऐंशीच्या दशकात मुलुंडला घरोघरी जाऊन मी आजाऱ्यांना व्यायाम शिकवायचे. वय चोवीस, आणि आपल्याला सगळं कळतं अशी ठाम समजूत. ती एका मालवणी आजींनी मोडली. साखरेच्या आजारात त्यांचा उजवा पाय गुडघ्यावर कापलेला. मुलगा-सून नोकरीला जाणारे. महिन्याभरात आजींचं दिवसा एकटीनं निभलं नाही, तर त्यांना गावी दिराकडे धाडायचं ठरलं होतं. आजींना हे घर सोडायचं नव्हतं.

मी त्यांना चाकांची खुर्ची वळवायला, ब्रेक लावायला, खाटेवरून तिच्यात सरकायला शिकवलं. मुलाने स्टोव्ह टेबलावर चढवला. मला वाटलं, झालं काम. आजी मात्र रुसलेल्या.

“चेडवा, आडाळो जमनीर, पाटो जमनीर, माझे देव जमनीर. मी एकटीच वर बसान काय करू? माका खाली उतराक शिकव.”

आडाळो म्हणजे विळी, पाटो म्हणजे वाटायचा पाटा.

“उतराल हो, पण वर कोण चढवणार?” मी फटकारलं. जमिनीवरून उचलायला दोन माणसं लागतात, एवढंच मी शिकले होते.

पुढच्या आठवड्यात गेले तर दार नुसतं लोटलेलं, खुर्ची रिकामी. मी हाका मारत आत शिरले. आजी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, आडाळो डाव्या पायाखाली दाबून, बांगडे कापत होत्या.

“पडलात?” मी धावले.

“हात लावू नको. बघ नुसता.”

भिंतीशी त्यांनी मांडामांड केली होती: एक पाट, मग एकावर एक दोन पाट, मग पत्र्याची ट्रंक, मग ब्रेक लावलेली खुर्ची. हात धुऊन त्या पाठमोऱ्या सरकल्या. तळव्यांवर भार, एका पायाचा रेटा, की एक पायरी वर. ट्रंकेवर दंड थरथरले. मी ओठ चावून उभी. मग त्या खुर्चीत होत्या. मला रडू आलं, आणि लाजही वाटली. असं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

“कुणी शिकवलं हे?”

“तीनदा पडलंय, मगे इला.”

संध्याकाळपर्यंत मी मुद्दाम थांबले. मुलगा आला, भिंतीशी मांडलेल्या पाटांकडे बघून माझ्यावरच भडकला. “तुम्ही उतरवलंत तिला खाली?”

“कोणी उतरवल्यान नाय,” आजी म्हणाल्या. “वरय कोणी चढवल्यान नाय. बघतलंस?”

त्या खाली निघाल्या. तो धावणार, तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. जमिनीवर टेकून आजींनी त्याच्यासाठी पाट पुढे ओढला.

“बस, जेव. गावाक मी मे म्हयन्याच्या सुट्टीत जायन, तुमच्याबरोबर.”