धुळ्यामार्गे जर्मनी

गावाच्या फाट्यावर माझा फोटो लागला, तेव्हाच मी पळून जायला हवं होतं. फ्लेक्स चांगला दोन माणसं उंच होता. वरच्या पट्टीत तालुक्यातले मान्यवर, खालच्या पट्टीत शुभेच्छुकांची गर्दी आणि मधोमध मी. मुंडकं माझं, खालचा कोट फोटोवाल्याच्या संगणकातला. मागे बर्फाचा डोंगर आणि एक विमान. ‘उच्च शिक्षणासाठी जर्मनीस प्रयाण केल्याबद्दल चि. मयूर यांचे हार्दिक अभिनंदन.’

प्रयाण मी मुंबईला करणार होतो, तेही व्हिसाचा अर्ज आणि बोटांचे ठसे द्यायला. परवानगी यायला आठवडे लागतात आणि कधीकधी ती येतच नाही, हे मी नानांना, म्हणजे वडिलांना, नीट समजावून सांगितलं होतं. नानांनी ते आबांना सांगितलं. आबा हे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वरणगावच्या पुढे तापीकाठी आमचं केळीचं गाव, आणि त्या गावात आबांशिवाय कुठलंही कार्य होत नाही. आबांचं गणित सरळ होतं. पुढे अधिक महिना लागत होता, त्यात कुणाला वाटेला लावायचं नाही. पाहुण्यांना एकच रविवार मोकळा होता. व्हिसा काय, मागून येईल.

“फेटा यायचा हाये म्हनून वरात थांबते का कुठी?” त्यांनी विचारलं आणि विषय संपला.

निरोप असा झाला की लग्नात तरी याहून काय होणार. पाहुण्यांनी मला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. मग प्रत्येक भाऊबंदाने टॉवेल-टोपी दिली, कारण एकाने दिली की दुसऱ्याला गप्प बसता येत नाही. आईने ओवाळलं, काकूने ओवाळलं, मग अख्ख्या गल्लीने ओवाळलं. मी मध्येच माईक हातात घेऊन “व्हिसा अजून...” एवढं म्हणालो, तोच बँडवाल्याला वाटलं की भाषण संपलं. सगळे फाट्यापर्यंत वाजतगाजत आले. बस निघाली तेव्हा नाना खिडकीशी होते. ते खिडकीच्या गजावर हात ठेवून बसबरोबर चार पावलं चालले. त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. हे हुकलं तर या माणसाने गावात तोंड कसं दाखवायचं, हा विचार त्या बसमध्येच माझ्याशेजारी येऊन बसला. तो पुढे बरेच दिवस उठला नाही.

मुंबईचं वर्णन मी करत नाही. मी तिथे एक गार खोली, एक काचेचं काउंटर आणि माझी दहा बोटं एवढंच पाहिलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, अभ्यासक्रम कोणता. फळं टिकवण्याचा आणि ती नीट बांधून दूर पाठवण्याचा, दोन वर्षांचा, मी म्हणालो. आमची केळी दिल्लीला पोचेपर्यंत निम्मी का काळी पडतात, याचं शास्त्र. त्यानंतर काय? शिकल्यावर तिथेच काही काळ नोकरी शोधता येते, ती मी करणार, हे मी खरं सांगितलं. आणि मग? जळगावच्या सल्लागाराने बजावलं होतं की या प्रश्नाला डोळ्यात डोळे घालून उत्तर द्यायचं. मी इतके डोळे घातले की बाईंनी चष्मा सारखा केला. “मग मी परत येणार,” मी खणखणीत आवाजात म्हणालो. मागच्या रांगेतला माणूससुद्धा दचकला. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला आणि निकाल लागला की तो कुरियरने घरच्या पत्त्यावर येईल असं सांगितलं.

आता घरी जायचं कसं? बँड लावून जर्मनीला गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी एसटीने परत येतो, हे आबांना कुणी सांगायचं? मी नानांना फोन केला. नाना म्हणाले की मावशीकडे थांब, लोकांना काही सांगू नको. अशा रीतीने नाशिकमार्गे मी परदेशात, म्हणजे धुळ्यात, उतरलो.

वाचक हसतील, पण मला धुळं खरंच परदेश वाटलं. आमच्या पूर्वेकडच्या बोलीत ‘मले, तुले’ चालतं, पण इकडची अहिराणी कानाला अगदी वेगळी. मावशी लग्न होऊन इकडे आली आणि पंचवीस-तीस वर्षांत पुरती धुळेकर झाली. देवपुरात तिचं घर. दारात उभी राहून तिने मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, “जर्मनी आठेच शे का रे?” (आठे म्हणजे इथे.) मग माझ्या हातातलं टॉवेल-टोप्यांचं गाठोडं घेतलं आणि मला आत ढकललं, कारण शेजारच्या लताअक्का ओट्यावर बसल्या होत्या.

त्या दिवसापासून माझा अज्ञातवास सुरू झाला. पांडवांना निदान कामं तरी होती. मला मावशीने एकच काम दिलं, खाणं. पहिल्याच रात्री खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस, दुसऱ्या दिवशी डोळ्यातून पाणी काढणारी शेवभाजी, मग कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा. ताटात काही उरलं की तिचं वाक्य ठरलेलं, “बठ्ठं खाई ले.” बठ्ठं म्हणजे सगळं. जर्मन भाषेचं पुस्तक मी उशाशी ठेवलं होतं. परदेशात नवी भाषा शिकायची असते म्हणून मी शिकलोही, पण अहिराणी.

प्रवासी माणसाने स्थळदर्शन करावं म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून संध्याकाळचा बाहेर पडायचो. उन्हाळ्यात खानदेशात सगळेच रुमाल बांधतात, त्यामुळे लपायला हा प्रदेश उत्तम. पांझरेच्या पुलावर उभं राहून मी ऱ्हाईन नदीची कल्पना करायचो. पांझरेत पाणी जेमतेम, त्यामुळे कल्पनेला वाव भरपूर. एकदा लळिंगचा किल्लाही चढलो. वर पोचेपर्यंत जीभ बाहेर आली. वरून आग्रा रोडवरचे ट्रक मुंग्यांसारखे दिसत होते आणि वाऱ्याची एक गरम झुळूक आली. फाट्यावरच्या फ्लेक्सवर माझ्यामागे बर्फ होता, इथे माझ्यामागे करपलेला डोंगर होता. फोटो काढावासा वाटला, पण तो पाठवणार कुणाला?

सगळ्यात अवघड म्हणजे आबांचे फोन. तिकडे किती वाजले, असं ते विचारायचे आणि मी घड्याळातून साडेतीन तास वजा करायचो. एकदा गडबडीत मिळवले. आबांनी ते मनावर घेतलं नाही. एका भर दुपारी, धुळं तव्यासारखं तापलेलं असताना, मी कूलरला पाठ लावून बसलो होतो आणि त्यांचा फोन आला.

“थंडी हाये का तिकडं?”

“फार आहे आबा.”

“हा, वाऱ्याचा आवाज येऊ राह्यला.”

मी कूलर बंद करायला हात पुढे केला आणि मग विचार केला की एकदम वारा थांबला तर ते जास्त वाईट. अंगातून घाम गळत असताना मी त्यांना बर्फाची हकीकत सांगितली. ते सगळं हुंकार देत ऐकत होते. फोन ठेवल्यावर मला माझीच किळस आली. इतका म्हातारा माणूस आपल्यावर विश्वास ठेवतो आणि आपण त्याला कूलरचा वारा विकतो.

अधिक महिना अर्धा सरला तरी निकाल नव्हता. सल्लागार सांगायचा की उशीर म्हणजे चांगलं लक्षण, आणि त्याच दमात, उशीर म्हणजे वाईटही असू शकतं. मला रात्री स्वप्न पडायचं की फाट्यावरचा फ्लेक्स तसाच आहे, फक्त ‘प्रयाण’च्या जागी ‘नापास’ लिहिलंय. माझी जागा गेली असती तर मी रडून मोकळा झालो असतो. भीती नानांची होती. त्यांनी आयुष्यात कधी कुणापुढे फुशारकी मारली नव्हती, आणि जी एकदा मारली, ती माझ्या जिवावर.

मग एका सकाळी मी ताटातला मांडा मोडतोय तोच नानांचा फोन आला. कुरियरवाला गावात आला होता. पाकीट माझ्या नावाचं होतं आणि ते माझ्याच हातात द्यायचं, ओळखपत्र बघून, असा नियम होता. नानांनी सांगून पाहिलं, पण तो ऐकत नव्हता. ज्याचं नाव तो माणूस घरात नसेल तर पाकीट परत जाणार. नानांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“तू ये,” ते म्हणाले. “आता कोन काय म्हनते ते पाहू नको.”

धुळ्याहून वरणगाव म्हणजे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, आणि मधे जिथे जिथे माणूस हात करेल तिथे तिथे. मावशीने कागदात चार मांडे गुंडाळून दिले आणि लताअक्कांच्या देखत मला स्टँडच्या रिक्षात बसवलं, लपवाछपवी संपली. पारोळ्यात बस थांबली. एरंडोलच्या अलीकडे ती पंक्चर झाली. मी उतरून जॅकशी झटणाऱ्या कंडक्टरला मदत करायला गेलो आणि त्याने मला प्रेमाने बाजूला केलं. धरणगावच्या एका आजोबांनी मला विचारलं की पोरा, दवाखान्यात कुणी आहे का. नाही, म्हणालो, कुरियरवाला थांबलाय. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. जळगाव आलं तेव्हा दुपार कलली होती. कुरियरवाला गेला असणार हे मला माहीत होतं. तरी मी जात होतो.

फाट्यावर उतरलो. समोर मी, कोट घालून, बर्फात. उन्हाने फ्लेक्सवरचा गाल जरा पांढरा पडला होता. मी स्वतःच्या नजरेला नजर न देता गावाकडे पळालो.

पारावर निंबाखाली निम्मं गाव बसलं होतं. मधोमध बाजेवर एक अनोळखी माणूस घोरत होता. त्याच्या डोक्याला नवी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि उशाशी नारळ. मला कळेना की हे कुणाचं काय कार्य आहे. मग बाजेखाली कुरियरची बॅग दिसली.

झालं होतं असं. पाकीट परत नेतो म्हटल्यावर आबांनी त्या माणसाशी वाद घातला नाही. उन्हाचा आलाय, जेवून जा, म्हणाले. नियमात जेवायला मनाई नव्हती. जेवायला रस होता आणि रसावर तूप. आग्रहाच्या वाट्या किती झाल्या कोण जाणे. मग इतक्या लांबून आलेला पाहुणा रिकाम्या हाती कसा जाईल, म्हणून त्याचा सत्कार. रस, तूप आणि सत्कार एवढं पोटात गेल्यावर खानदेशात कुठलाही माणूस जागा राहत नाही.

मी आबांसमोर उभा राहिलो. काय सांगणार होतो, विमान उशिरा सुटलं?

आबांनी मला बसायला जागा केली. “घामाघूम झाला. तिकडं थंडी होती ना?”

सगळा पार हसला. मी मान खाली घातली. लताअक्कांची लेक आमच्याच गावात दिली आहे, हे मला तेव्हा कळलं. मी मावशीच्या घरी पोचलो त्याच संध्याकाळी गावाला पत्ता लागला होता. नानांना वाईट वाटू नये म्हणून गाव गप्प होतं, आणि गावाला वाईट वाटू नये म्हणून नाना. आबा मला रोज फोन करत होते ते, पोरगा एकटा पडला असेल म्हणून. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही मी त्यांच्यासमोरच उरकून घेतलं.

कुरियरवाला उठला, ओशाळला, माझं ओळखपत्र पाहून म्हणाला की फोटोत कोट नाही का. मी सही केली. पाकीट नानांना दिलं, त्यांनी ते परत माझ्यापुढे धरलं, आणि शेवटी आम्ही दोघांनी मिळून फाडलं. पासपोर्टच्या आतल्या पानावर माझा खराखुरा फोटो चिकटलेला होता. व्हिसा मिळाला होता. नाना खालीच बसले. बराच वेळ ते त्या पानावरून अंगठा फिरवत होते.

आता परत बँड सांगू का, असं कुणीतरी विचारलं. आबांनी हात वर केला.

“याले आपन एकदा लावून दिलं. दुसऱ्यांदा निरोप नसते. आता फक्त याचं येनं बाकी हाये.”

ही रीत त्यांनी तिथल्या तिथे काढली असावी, पण कुणी शंका घेतली नाही. त्यामुळे पावसाळा सरता सरता मी खरोखर निघेन तेव्हा फाट्यावर कुणी येणार नाही. लोक केळीत असतील. हातात एक बॅग घेऊन, बाजारला जावं तसा मी बसमध्ये चढेन.

संध्याकाळी मी आणि नाना फाट्याकडे गेलो. मी म्हटलं, आता हा फ्लेक्स काढून टाकू, लाज वाटते. या उन्हात फ्लेक्स फार तर दोन उन्हाळे टिकतो, आणि माझा अभ्यासक्रम तेवढाच आहे. पुढच्या नोकरीची वर्षं त्यात धरलेली नाहीत. ती किती असतील ते मला माहीत नाही, आणि नानांनी कधी विचारलेलंही नाही.

नानांनी फ्लेक्सची एक सुटलेली दोरी ओढून पुन्हा बांबूला बांधली, चांगली दोन गाठी मारून.

“राहू दे,” ते म्हणाले. “तू आला म्हनजे काढू.”

मी हो म्हणालो. काउंटरवरच्या बाईंना म्हणालो होतो, त्यापेक्षा बराच हळू.